तळ्याच्या किती पायऱ्या बुडाल्या

मी चेन्नईत पर्यावरणाच्या सरकारी कारभारावर संशोधन करते. म्हणजे कोणत्या पाण्याचं काय करायचं हे नक्की कोण ठरवतं, ते शोधते. रस्त्यावरचं पावसाचं पाणी एका देवळाच्या तळ्यात वळवण्याची योजना झाली होती. ती खरंच कामी आली का, एवढाच माझा प्रश्न होता आणि त्यासाठी तळ्यातल्या पाण्याच्या जुन्या नोंदी हव्या होत्या. तीन वर्षं शहरातल्या गिंडीच्या सरकारी कार्यालयाने मला अण्णा नगरच्या कार्यालयाकडे पाठवलं आणि अण्णा नगरने परत गिंडीला. हेलपाट्यांनी जीव मेटाकुटीला आला. शेवटी आढावा समितीने बजावलं, महिनाअखेर नोंदी आल्या नाहीत तर प्रकल्प बंद. प्रकल्प गेला की माझी कंत्राटी नोकरीही जाणार होती.

त्या दुपारी गिंडीचा नन्नाचा पाढा पुन्हा ऐकून मी त्याच तळ्याकाठच्या देवळात शिरले. भक्ती वगैरे काही नव्हती, सावली हवी होती. पण देवासमोर बसले आणि तोंड सुटलं. इथे मराठी कोणाला कळतंय, या भरवशावर मी देवाला मोठ्याने झाडलं. "तुझंच तळं ना? मग किती पाणी होतं ते तुला तरी ठाऊक आहे का? की तूही मला दुसऱ्या खात्याकडे पाठवणार?"

"कोपू नको गे," बाजूने आवाज आला. "मजपाशी लिहिलेलं आहे."

हार ओवत बसलेले एक आजोबा होते, जुन्या तंजावरी मराठी घराण्यातले. लाजेने मला मान वर करवेना. इथे तेप्पम होतो, म्हणजे देवाला तराफ्यावर बसवून तळ्यात फिरवतात. तराफा सजवण्याचं काम त्यांच्या घराकडे होतं. तो कुठे बांधायचा हे समजावं म्हणून दर उत्सवाला किती पायऱ्या बुडाल्या ते आधी त्यांचे वडील लिहीत, मग ते लिहू लागले. देवळामागच्या घरी त्यांनी वही काढली. भाषा मराठी, अक्षरं तमिळ. ते वाचत गेले, मी उतरवत गेले. बुडालेल्या पायऱ्या वर्षागणिक कमी होत गेल्या आणि एका वर्षी एकही बुडाली नव्हती. योजनेनंतर त्या पुन्हा बुडू लागल्या होत्या.

"त्या कोरड्या वर्षी उत्सव रद्द केलात?" मी विचारलं.

"रद्द कसा, अम्मा? देवास खांद्यावर घेतलं आणि कोरड्या तळ्यात फिरवलं. फिरवायचं काम आमचं. पाणी आणायचं त्याचं."

समितीने त्या नोंदी मानल्या आणि प्रकल्प वाचला. कार्यालयांत माझं डोकं अजूनही फिरतं. आजोबांना तीन वर्षं आधी भेटवायला काय झालं होतं, असंही मी देवाला अधूनमधून सुनावते. पण त्याने भेटवलं, याबद्दल मनापासून हात जोडते. शरण जाणं म्हणजे हरणं, अशी माझी समजूत होती; आजोबा तर पाणी त्याच्यावर सोपवून आपलं काम करत राहिले होते. त्या दिवशी आजोबांनी वही मिटली तेव्हा मी रडत होते. कारण त्यांच्या जागी मी असते, तर पाणी नाही म्हणून देवाला गाभाऱ्यातच बसवून ठेवलं असतं आणि कोणत्या तरी खात्याला पत्र लिहिलं असतं.