वासंतीबाईंचं प्रॉम्प्टिंग

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या मराठी मंडळींत नट पुष्कळ होऊन गेले, पण प्रॉम्प्टर एकच: वासंतीबाई. गणपतीतल्या नाटकाचा नायक ठरलेला, त्यांचे यजमान श्रीधरराव. उंचेपुरे, आवाज खणखणीत आणि पाठांतराच्या नावानं शंख! बाई विंगेत उभ्या राहून त्यांना अख्खा अंक पाजायच्या, तोही असा बेमालूम की पहिल्या रांगेलाही पत्ता लागू नये. टाळ्या श्रीधररावांना. बाई त्यातच तृप्त.

ते दिवस सरले. दोन हजार सहा साली श्रीधररावांनी पंचाहत्तरी गाठली आणि उभी हयात बोललेली जर्मन त्यांच्या जिभेवरून उतरू लागली. त्याचं बाईंना एवढं वाटलं नाही. पण एक दिवस लाल सिग्नलला त्यांनी गाडी तशीच पुढे दामटली. रस्ता ओलांडणारी एक बाई बाबागाडीसकट थोडक्यात वाचली.

"अहो, गाडी सोडा आता."

"तू मला शिकवू नकोस. डॉक्टरला सांगू दे, मग बघू."

म्हणून बाईंनी त्यांना स्मरणशक्तीच्या तपासणीला नेलं. डॉक्टरीण तरुण, लाघवी. श्रीधरराव मराठीतच उत्तरं देतात हे पाहून ती बाईंना म्हणाली, "बरं, मग तुम्हीच दुभाषी व्हा."

पहिला प्रश्न, आज वार कोणता? बाईंनी मराठीत विचारला. श्रीधरराव हसले, खिडकीबाहेर पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं. ती नजर बाईंच्या ओळखीची होती. भर प्रवेशात वाक्य विसरलेला नट विंगेकडे असाच बघतो.

"काल सोमवार झाला ना, अहो..." बाईंच्या तोंडून निसटलंच.

"मंगळवार!"

पुढच्या प्रश्नाला जीभ चावून गप्प बसायचं, असं बाईंनी ठरवलं. डॉक्टरिणीनं तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते: लिंबू, छत्री, चेंडू. श्रीधररावांना लिंबू सापडलं. मग कपाळावर घाम डवरला, बोटं टेबलाची कड चाचपू लागली. बाईंना ते बघवेना. "पावसात काय नेता? पोरं काय झेलतात?" कागदावर घड्याळाचं चित्र काढताना सगळे आकडे उजवीकडेच दाटले, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "पुढचे डावीकडे घ्या." डॉक्टरिणीला वाटलं, बाई प्रश्नच समजावताहेत.

"सुपर!" ती म्हणाली. "या वयाला इतकी छान स्मृती क्वचितच दिसते."

"आणि... गाडी?" बाईंनी विचारलं.

"चालवू देत की."

खरं सांगायला जर्मनमधलं एक वाक्य पुरलं असतं. पण श्रीधरराव ताठ बसले होते, आत्ताच पडदा पडून टाळ्या मिळाल्यासारखे. "काय म्हणाली गं?" त्या पोरीसमोर त्यांना उघडं पाडायचं कसं?

"छान झालं म्हणाली."

"बघ! उगाच फरफटत आणलंस."

पार्किंगमध्ये त्यांनी हात पुढे केला. बाई पर्समध्ये उगीचच शोधत राहिल्या.

"अगं, दे ना किल्ली. आता तर डॉक्टरनंच छान झालं म्हटलंय!"

बाईंनी किल्ली दिली आणि शेजारी जाऊन बसल्या. पट्ट्याची कडी काही केल्या खाचेत बसेना, तेव्हा शेवटी श्रीधररावांनीच वाकून तो लावून दिला.