परबबाईंचा निकाल

विक्रोळीच्या आमच्या ऑफिसात दुपारचं जेवण झालं की सगळे टेबलाखाली चपला-बूट काढून पाय मोकळे सोडत. परबबाई मात्र कधीच काढत नसत. विचारलं तर म्हणत, "गटारात कोणी अनवाणी उतरतं का रे?" गटार म्हणजे त्यांच्यासमोरचा स्क्रीन. गोऱ्या वंशाचं राज्य आणायला निघालेल्या, देशोदेशी पसरलेल्या टोळ्यांचं लिखाण वाचायचं आणि धोक्याचं काही दिसलं की त्या त्या देशातल्या सहकाऱ्यांना कळवायचं, हे आमचं काम. ते तिकडच्या पोलिसांना सांगत. बाई मुलुंडच्या, जन्मभर कॉलेजात जर्मन शिकवलेलं. निवृत्तीनंतर घरी बसून सुनेला छळण्यापेक्षा इथे आले, असं त्याच सांगत.

त्यांचा खरा मान होता तो स्वस्तिकामुळे. टोळ्यांचं चिन्ह कुठलं आणि आपल्या दारातलं कुठलं, हे फोटो चाळणाऱ्या मशीनला कळत नसे. दिवाळी आली की बायकांच्या रांगोळ्या धडाधड पकडल्या जात आणि बाई त्या सोडवत बसत. चिडल्या की मालवणीवर येत, "मेल्यांका दुसरा चिन्ह गावला नाय?" जर्मनीतली कारीन ही त्यांची तिकडची जोडीदारीण. शंका आली की ती फोटो पाठवून एकच विचारायची, "तुमचं की त्यांचं?" बाई कुंकू, तांदूळ, तोरण बघून निकाल देत. तो चुकत नसे आणि त्याचा त्यांना थोडा गर्वही होता. "बाई, तुम्ही म्हणजे स्वस्तिकांचं हायकोर्ट," असं मी चिडवायचो. त्यांना ते आवडायचं.

एकदा कारीनने जर्मनीतल्याच एका घराच्या दाराचा फोटो पाठवला. कुंकवाचं स्वस्तिक, वर प्लास्टिकच्या झेंडूचं तोरण. बाई हसल्या. "आपलंच आहे. वास्तुशांत झालेली दिसते," म्हणाल्या आणि फोटो सोडून दिला. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. पण फोटो घरच्यांनी टाकलाच नव्हता. 'आमचं चिन्ह चोरणारे इथे राहतात' हे आपल्या माणसांना दाखवायला टोळीतल्या कोणीतरी तो रस्त्यावरून काढला होता, घराच्या नंबरासकट. आठवड्याभरात त्या दाराला आग लावली गेली. घर बोरिवलीहून गेलेल्या एका जोडप्याचं होतं. त्या दिवशी मुलाकडे राहायला आलेली आई एकटीच घरात होती. ती वाचली नाही.

मला वाटलं, बाई काम सोडतील. सोडलं नाही. कारीनला त्यांनी सरळ सांगितलं, "मी चिन्ह बघितलं. फोटो कोणी काढला ते नाही बघितलं." कारीन रडायला लागली. म्हणाली, "मी विचारलंच चुकीचं." मग दोघी त्या टोळीच्या मागे लागल्या. आग लावणारे जर्मनीत, त्यांना चिथावणारा दुसऱ्याच देशात, पैसा तिसरीकडून. तिन्हीकडच्या पोलिसांना एकत्र बसवायला महिने गेले आणि तोवर बाई टोळीवाल्यांचं घाणेरडं बोलणं ओळ न् ओळ वाचत राहिल्या. बाईंचा डबा न उघडता घरी परत जाई. मला ते बघवत नसे.

सगळे पकडले गेले, तेव्हा कारीनकडून नंबर घेऊन त्या आईच्या मुलाने आभार मानायला फोन केला. तो बाईंचा ऑफिसातला शेवटचा दिवस ठरला. त्यांना कमी ऐकू येई, म्हणून फोन स्पीकरवर होता आणि मी शेजारीच बसलो होतो. बाईंनी त्याला पुरतं बोलूही दिलं नाही.

"आधी माझं ऐक. तो फोटो माझ्यासमोर आला होता. मीच सोडला."

 

"काकू, एक विचारू?" तो म्हणाला. "ते आईनेच काढलं होतं ना दारावर. इकडे नातेवाईक म्हणतात, तिने उलटं काढलं असेल, म्हणून असं झालं. तुम्ही बघितलंय ते. बरोबर होतं ना?"

बाईंनी तोंडाला पदर लावला. मग तो बाजूला केला.

"बरोबर होतं रे बाळा. अगदी बरोबर काढलं होतं तिने."