उघडी ठेवलेली सीडी

तंजावरच्या मेलवीथीत राहणारी विजयलक्ष्मी, म्हणजे सगळ्यांची विजीअक्का, टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होती. तेव्हाची एक गोष्ट आधी सांगून टाकते, म्हणजे पुढच्याचं नवल वाटणार नाही. एका भातगिरणीच्या मालकाने तिला फोनवर ‘ए पोरी’ म्हणून हाक मारली. विजीअक्का गोड आवाजात म्हणाली, “एक मिनिट, सर.” त्यानंतर गावात एसटीडी येईपर्यंत त्या गिरणीचा एकही ट्रंक कॉल धड लागला नाही. मालकाने तक्रारी केल्या, लाइनमन खांबावर चढून आले, तारा तपासल्या. तारेत काही दोष नव्हता.

अशी बाई. लग्न केलं नाही, आईला सांभाळलं, नोकरी चोख केली, आणि कुणी दुखावलं तर ते जपून ठेवलं. लोक दागिने जपतात तसं नाही, लोणचं जपतात तसं. मधूनमधून बरणी उघडून बघायची, मुरलं की नाही.

सगळ्यात जुनं आणि सगळ्यात मुरलेलं लोणचं होतं सुप्रभाच्या नावाचं. सुप्रभा म्हणजे धाकट्या भावाची, रघुरामची बायको. तो पापनाशमला शाळामास्तर, बिऱ्हाडही तिथेच.

दोघा भावंडांच्या आईला, अम्माला, गावातल्या मराठी घरांत मान होता तो तिच्या आवाजामुळे. लग्नात नवरा-नवरीला उंजलवर, म्हणजे झोपाळ्यावर बसवलं की बायका झोके देतात आणि गाणी म्हणतात. ती गाणी म्हणावीत तर अम्मानेच. भाषा आपलीच, पण इतकी जुनी की त्यातले अर्धे शब्द आता घरात कुणाच्या तोंडी नव्हते. लिहून ठेवायचं म्हटलं तर देवनागरी कुणाला येतंय? म्हणून विजीअक्काने एका दुपारी अम्माला समोर बसवून एक कॅसेट भरली. दोन्ही बाजू. शेवटी अम्मा खोकते आणि म्हणते, “पुरे गं, बंद कर.” स्वतः गाणी शिकून घ्यावीत असं विजीअक्काला कधी वाटलं नाही. दिवसभर लोकांचे आवाज कानांत घेऊन आलेल्या बाईला संध्याकाळी शांतता हवी असते. आणि कॅसेट होतीच की.

अम्मा गेली. वर्षश्राद्ध झाल्यावर सुप्रभा ती कॅसेट ऐकायला म्हणून पापनाशमला घेऊन गेली. एक बटण दाबायचं तिथे तिने दोन दाबली, आणि मशीन चालू ठेवून स्वयंपाकाला लागली. पहिल्या बाजूवरची अम्मा पुसली गेली. तिच्या जागी सुप्रभाचं स्वयंपाकघर भरलं गेलं. कुकरच्या शिट्ट्या, दारावरचा भाजीवाला, आणि दुधात पाणी घातलं म्हणून गवळ्याशी झालेलं भांडण.

सुप्रभाने स्वतः फोन करून सांगितलं. रडत होती. म्हणाली, “अक्का, ती गाणी अम्माने मज शिकवलीत, लग्न होऊन आलें त्या वर्षी. तुम्ही हो म्हणा, मी म्हणून देतें. त्याच कॅसेटवर भरा.”

विजीअक्काच्या अंगाचा तिळपापड झाला. पुसलं ते पुसलं, वर अम्माच्या जागी हिचा आवाज? पण ती एवढंच म्हणाली, “पर्वा नाही.” आमच्याकडे ‘असू दे’ म्हणायच्या जागी असं म्हणतात. फोन ठेवला आणि पुढे कित्येक वर्षं स्वतःहून पापनाशमचा नंबर फिरवला नाही. सगळ्या जिल्ह्याला एकमेकांशी जोडून देणारी बाई. दर वर्षी अम्माच्या श्राद्धाचं जेवण उरकलं की ती दार लावून घ्यायची आणि कॅसेटची पुसलेली बाजू लावायची. शिट्ट्या ऐकायची, भाजीवाला ऐकायची, गवळी ऐकायची. राग शिळा होऊ नये म्हणून.

मग मावसभाऊ मुरली सिंगापूरची नोकरी संपवून परत आला आणि सामानातून तीन सारखी काळी यंत्रं घेऊन आला. घरच्या घरी सीडी भरायचं मशीन. मागे तांबडी-पांढरी वायर लावून कॅसेट प्लेयर जोडायचा, कॅसेट वाजली की तिची सीडी तयार. एक मशीन विजीअक्काला, एक रघुरामला, तिसरं तिरुवैयारूत व्हायोलिन शिकवणाऱ्या वेंकटराव काकांना.

एकाच कंपनीची तीन मशीनं, पण तिघांचे अनुभव तीन. वेंकटराव काकांच्या मशीनचा ट्रे अडकायचा. ते त्याच्या डोक्यावर एक चापट मारायचे, ट्रे बाहेर यायचा, आणि काका येईल त्याला सांगत सुटायचे की असं गुणी मशीन जगात नाही. विजीअक्काचं मशीन पहिल्या दिवसापासून मुकाट चाललं, कारण तिने पुस्तिका ऑफिसची ऑर्डर वाचावी तशी वाचली होती. आणि पापनाशमचं मशीन एकही सीडी घेईना. घालायची, आत घरघर व्हायची, काचेवर ‘डिस्क एरर’ उमटायचं. रघुरामने दोनदा दुकानात नेलं. तिसऱ्यांदा दुकानदाराने दुरूनच हात हलवला. सुप्रभा डब्यामागून डबे सीड्या आणत होती आणि फेकत होती. मुरलीला मनातल्या मनात शिव्या देत होती.

काय चुकतंय ते विजीअक्काला पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्या मशीनला कॉम्प्युटरच्या स्वस्त सीड्या चालत नाहीत, खास गाण्यांसाठीच्या महागड्या लागतात. एक वाक्य सांगायचं होतं. ते तिने सांगितलं नाही. रघुरामचा फोन आला की मुद्दाम विचारायची, “कसं हाय रे तुझं मशीन?” तो रडगाणं गायचा. “अय्यो पाप, बिचारा तू,” म्हणायची आणि फोन ठेवून फिल्टरची कापी करून घ्यायची. त्या दिवसांत तिला कापी फार गोड लागे. पुढे रघुरामने सांगितलं की मशीन टीव्हीखाली ठेवून वर फडकं टाकलंय. झालं, मेलं ते, असं विजीअक्काने धरलं.

अम्माची उरलेली बाजू तिने सीडीवर घेतली. या मशीनमध्ये शेवटी एक बटण दाबावं लागतं, सीडी बंद करायचं. ते दाबलं की सीडी कुठल्याही प्लेयरवर वाजते, पण तिच्यावर पुढे काही भरता येत नाही. दाबलं नाही तर सीडी उघडी राहते, आणि उघडी सीडी फक्त अशाच मशीनवर वाजते. दुसऱ्या प्लेयरला ती कोरी दिसते. विजीअक्काने आपली सीडी लगेच बंद केली आणि कपाटात ठेवली. बटणाची गोष्ट लक्षात ठेवली.

रघुरामच्या मुलीचं, हरिणीचं लग्न तंजावरच्याच एका मंडपात ठरलं. निमंत्रण द्यायला सुप्रभा आली. पाया पडून झाल्यावर पदराशी चाळा करत म्हणाली, “अक्का, उंजलला अम्माची गाणी लावावी म्हणटलं. हरिणीने तिला पाहिलंच नाही. एक सीडी मिळेल कां?”

“मिळेल की. त्यात काय,” विजीअक्का म्हणाली.

इतक्या सहज म्हणाली की सुप्रभाचे डोळे भरून आले. विजीअक्काने ते डोळे पाहिले, आणि तिला तिळभर वाईट वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने नवी सीडी भरली, शेवटचं बटण दाबलं नाही, आणि निवांत बसून पुढचं सगळं डोळ्यांसमोर आणलं. भरलेला मंडप. झोपाळ्यावर पोरगी. सुप्रभा हात वर करून खूण करते. माइकवाला सीडी घालतो, आणि काही नाही. पुन्हा घालतो, पुन्हा काही नाही. सासरची माणसं एकमेकांकडे बघतात. सुप्रभा घामाघूम. तुझ्या हातून अम्माचा आवाज गेला ना? मग तुलाही कळू दे, अम्मा ऐकू येणार म्हणून कान लावून बसावं आणि काहीच येऊ नये, म्हणजे काय होतं.

लग्नाला ती चॉकलेटी कांचीपुरम नेसून गेली, भरघोस मोगरा माळला, आणि उंजलसमोर पहिल्या रांगेत खुर्ची पकडून बसली. झोपाळा फुलांनी मढवला होता. हरिणी आणि नवरदेव बसले. बायका दूध-केळी घेऊन पुढे झाल्या. सुप्रभाने हात वर केला. माइकवाल्याने सीडी आत सारली. विजीअक्काने पदर सावरला आणि श्वास धरला.

आणि अम्मा गायला लागली.

मोठमोठ्या कर्ण्यांतून, सगळ्या मंडपाला ऐकू जाईल अशी, तीच ठणठणीत, जराशी नाकातली अम्मा. म्हाताऱ्या बायका जागच्या जागी थांबल्या. एकीने डोळ्याला पदर लावला. विजीअक्काचा आधी कानांवर विश्वास बसेना. मग संताप आला. आणि त्या संतापातच तिला रडू फुटलं, कारण दार लावून एकटीने ऐकलेली अम्मा वेगळी आणि लग्नाच्या मंडपात गाणारी अम्मा वेगळी. ही दुसरी ती विसरूनच गेली होती.

गाणी संपली. अम्मा खोकली. “पुरे गं, बंद कर,” म्हणाली. मंडप हसला. विजीअक्का डोळे पुसून उठायला लागली.

तर सीडी थांबलीच नाही. क्षणभर खरखर झाली आणि दुसरा आवाज गाऊ लागला. पातळ, संकोचलेला. सुप्रभाचा. आणि गाणी पहिल्या बाजूची. पुसलेली. एकामागून एक, अम्माच्याच चालीत, अम्मा जिथे थांबायची तिथेच थांबत. विजीअक्का अर्धी उठलेली होती ती पुन्हा खाली बसली. शेवटच्या गाण्यात मागून कुकरची एक शिट्टी ऐकू आली. बायका पुन्हा हसल्या. विजीअक्का हसली नाही.

उंजल आटपल्यावर सुप्रभा चार नातेवाइकांसमोर तिच्यापाशी आली आणि तिचे दोन्ही हात धरले.

“तुमची सीडी घरच्या प्लेयरवर लागेना, अक्का. मी घाबरलें. वेंकटराव काकांनी मागेच मज गाण्यांच्या महागड्या सीड्यांचं सांगितलं होतं, तेव्हापासून आमचं मशीन बरं चालतंय. त्यात घातली तर वाजली. मग काका म्हणाले, बंद केली नाही, उघडी ठेवलीय, पुढे भरता येतं, भरून झालं की बंद कर. तेव्हा मज कळलं. मी त्या वेळी म्हणटलं होतं ना, म्हणून देतें म्हणून? तुम्ही इतक्या वर्षांनी मजसाठी जागा ठेवलीत.”

नातेवाईक विजीअक्काकडे कौतुकाने बघत होते. वेंकटराव काका तर म्हणाले, “मनाची मोठी हो आमची विजी.” तिने सुप्रभाच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. टोमणा असता तर तिला तो अंधारातही दिसला असता, त्यात तिचा जन्म गेला होता. टोमणा नव्हता. बाई मनापासून बोलत होती. यापेक्षा तिने चारचौघांत कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं, असं विजीअक्काला वाटलं. खरं सांगायची सोय नव्हती. खोटं गिळायचं तर ते घशात अडकत होतं.

“पर्वा नाही,” ती म्हणाली.

घरी आल्यावर कांचीपुरम न सोडताच तिने आपली सीडी मशीनमध्ये घातली. अम्मा गायली, खोकली, “पुरे गं, बंद कर,” म्हणाली, आणि मशीन थांबलं. पुढे काही नाही. तिने उगाचच रेकॉर्डचं बटण दाबून पाहिलं. मशीनने नकार दिला. ही सीडी तिने पहिल्याच दिवशी स्वतःच्या हाताने बंद केली होती.

दोन दिवस ती त्या मशीनसमोरून येत-जात राहिली. सुप्रभाकडून सीडीची नक्कल मागणं म्हणजे हात पसरणं. ते होणार नव्हतं. न मागावं तर पहिली बाजू पुन्हा गेली, आणि या वेळी सुप्रभाच्या हातून नव्हे. कॅसेट लावून कुकरच्या शिट्ट्या ऐकून पाहिल्या. नेहमीसारखा राग काही येईना. गवळ्याशी भांडणारी सुप्रभा किती तरुण होती, एवढंच ऐकू आलं.

तिसऱ्या दिवशी तिने पापनाशमचा नंबर फिरवला. सुप्रभानेच उचलला.

“तिसरं गाणं घाईत म्हणटलंस,” विजीअक्का म्हणाली. “अम्मा ते सावकाश म्हणायची. पुन्हा म्हण. उद्या मी माझं मशीन आणि नवी सीडी घेऊन येतें.”

फोन ठेवता ठेवता तिने आणखी एक सांगितलं.

“आणि मी असेपर्यंत कुकर लावू नकोस.”