आजाराच्या रकान्यात ‘नाही’

अलकाताई कुठलाही छापील कागद शेवटच्या पानापासून वाचायच्या. औषधाच्या बाटलीतला कापूस टाकायच्या नाहीत, वातींसाठी ठेवायच्या. फोन उचलला की ‘हॅलो’ नाही, ‘बोला’. घरी येऊन अबाया काढला की आधी त्याची बाही हुंगून बघायच्या, फोडणीचा वास लागलाय का म्हणून. खालच्या बंगाली भाजीवाल्याशी मराठीत बोलायच्या. तो बंगालीत उत्तर द्यायचा. दोघांचं कधी अडलं नाही. जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबून पर्समध्ये किल्ली शोधायच्या. किल्ली हातातच असायची.

आणि रियाधच्या अल मलाझ वस्तीत कुणी नवीन मराठी कुटुंब उतरलं की आठवड्याच्या आत त्यांच्या दारात हजर. एका हातात शंकरपाळ्यांचा डबा, दुसऱ्या हातात पेन्सिल.

आमच्याकडे त्या २००४ च्या सप्टेंबरात आल्या. माझं लग्न होऊन पाच महिने झाले होते. मराठी घेऊन एम. ए. केलेल्या मुलीला रियाधमध्ये काय काम असणार? दिवसभर मी खिडकीतून समोरच्या इमारतीचे एसी मोजायची. सुमीतची कंपनी अमेरिकन. पगाराच्या कागदांबरोबर तिने आरोग्य विम्याचं शहाण्णव पानांचं पुस्तक दिलं होतं. आम्ही ते टीव्हीखाली ठेवलं होतं, कारण टीव्ही डुगडुगत होता.

“ते आधी काढा तिथून,” त्या म्हणाल्या. “टीव्ही पडला तर पडू दे.”

अलकाताईंचे यजमान, चंद्रशेखर, त्याच कंपनीच्या मुख्य कचेरीत होते. मी त्यांना शेखरभाऊ म्हणायची. अलकाताईंना इथे येऊन दोन वर्षं झाली होती. त्या दोन वर्षांत त्यांनी ते पुस्तक शब्दकोश घेऊन तीनदा वाचलं होतं. इंग्रजी फार येत नव्हतं, पण चिकाटी होती.

“डिडक्टिबल म्हणजे काय हो?” मी विचारलं.

“म्हणजे आधी आपला खिसा. तो त्यांनी ठरवलेल्या खुणेपर्यंत रिकामा झाला, की मग ते हात घालणार. स्वतःच्या खिशात. तेही कुरकुरत.”

“आणि हे नेटवर्क?”

“यादीतला डॉक्टर म्हणजे माहेर. यादीबाहेरचा म्हणजे सासर. पाणी दोन्हीकडे मिळतं गं, पण सासरी मोजून.”

सुमीत हसला. मग त्यांनी आमचा भरलेला फॉर्म मागितला. आजारांचे सहा प्रश्न होते. सुमीतने सहाही रकान्यांत ‘नो’ लिहिलं होतं. माझा थायरॉइड त्याला माहीत होता.

“हे काय?”

“सगळे असंच लिहितात,” सुमीत म्हणाला. “ऑफिसात सांगितलं, आजार लिहू नका.”

हे खरं होतं. आखातात येणाऱ्या प्रत्येकाच्या पोटात एक भीती असते. मुंबईत व्हिसाची वैद्यकीय तपासणी होते. तिथे ‘अनफिट’ असा शिक्का बसला की सगळं संपलं. एजंट पहिल्या दिवशी बजावतो, विचारलं तर काही नाही म्हणा. मग माणूस पुढे आयुष्यभर प्रत्येक फॉर्मवर काही नाही म्हणत राहतो. बँकेच्या, शाळेच्या, विम्याच्या.

अलकाताईंनी सुमीतचा फॉर्म सरळ फाडला.

“हे इकाम्याचं, राहण्याच्या परवान्याचं मेडिकल नव्हे, भाऊजी. हे अमेरिकन लोक. त्यांना आजाराचं काही नाही, लपवाछपवीचं आहे. आजार सांगितला तर एक वर्ष थांबवतात, मग पुढचं सगळं देतात. लपवला आणि सापडला, तर जन्मात काही नाही. पान एकाहत्तर. वाचा.”

आम्ही पान एकाहत्तर वाचलं. नवीन फॉर्मवर थायरॉइड लिहिला. वर्षभराने माझ्या गोळ्या आणि तपासण्या विम्यातून व्हायला लागल्या. असे फॉर्म त्यांनी किती घरांचे दुरुस्त केले असतील! मुस्तफाभाई तर कंपनीच्या कागदपत्रांच्या विभागातच होते, रत्नागिरीकडचे. त्यांनीसुद्धा बायकोची, रईसाची, साखर लपवली होती. ती अलकाताईंनी लिहायला लावली.

माझी त्यांच्याशी मैत्री अशी झाली. पंधरा वर्षांनी मोठ्या होत्या. मुलगी अवनी शाळेत, शेखरभाऊ कामावर, सुमीत कामावर. आम्ही दोघी दुपारी एकमेकींकडे. त्या मला पुस्तकं वाचून दाखवायला सांगायच्या आणि मधेच म्हणायच्या, “थांब. हे तू खोटं वाचलंस. ती बाई असं म्हणणार नाही.” बहुतेकदा लेखकाने तसंच लिहिलेलं असायचं.

जिन्यात थांबून किल्ली शोधण्याचं कारण मला दोन वर्षांनी कळलं. बाराव्या वर्षी त्यांना सांधेदुखीचा ताप आला होता आणि हृदयाची एक झडप खराब झाली होती. दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन. त्यांनी हे माझ्यापासून लपवलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं, इतकंच.

२००७ च्या सुरुवातीला दुसऱ्या मजल्यावरच त्यांचा श्वास संपायला लागला. आम्ही टॅक्सीने रुग्णालयात गेलो. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, झडप फुग्याने उघडावी लागेल, उशीर नको. विमा कंपनीची आधी परवानगी हवी.

“ती मिळेल,” अलकाताई परत येताना म्हणाल्या. अगदी निवांत. “माझं लिहिलेलं आहे. वर्षाचं थांबणं कधीच संपलं.”

“तुमचा फॉर्म तुम्हीच भरला असेल ना?”

“छे गं. तेव्हा मला कुठे काय कळत होतं? हे नाशिकला सुट्टीवर आलेले. परत जायच्या दिवशी घाईत कोऱ्यावर माझी सही घेतली. पण यांना सगळं माहीत आहे की.”

तीन आठवड्यांनी पत्र आलं. परवानगी नाकारली होती. कारण एका ओळीत: पूर्वीच्या आजाराची माहिती दडवली.

त्या हसल्या. “कारकुनाने दुसऱ्या कुणाची तरी फाईल उघडली. बघ तू.”

पुस्तकात लिहिलं होतं, सभासदाला आपली संपूर्ण फाईल मागवता येते. पान अठ्ठ्याऐंशी. आम्ही दोघींनी मिळून पत्र लिहिलं. फाईल फॅक्सने येणार होती. शेखरभाऊ म्हणाले, त्यांच्या कचेरीचा फॅक्स बिघडलाय. महिनाभर तो बिघडलेलाच राहिला. शेवटी अलकाताईंनी सुमीतच्या कामाच्या साइटवरचा फॅक्स नंबर दिला. दोन दिवसांत अकरा पानं आली. सुमीतने ती आणून माझ्या ओट्यावर ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी अलकाताई आल्या.

त्यांनी सवयीने शेवटचं पान वर घेतलं.

मी चहा गाळत होते. गाळून वळले. त्यांनी पान माझ्यापुढे धरलं. शेखरभाऊंनी विमा कंपनीला लिहिलेलं पत्र होतं, पंधरा दिवसांपूर्वीचं. इंग्रजी सोपं होतं. माझ्या पत्नीने आणि तिच्या कुटुंबाने हा आजार लग्नाच्या वेळी माझ्यापासून लपवला. मला तो याच महिन्यात कळला. मी स्वतः फसवला गेलो आहे.

मग त्यांनी पहिलं पान काढलं. फॉर्म. सहा प्रश्न, सहा वेळा ‘नो’, शेखरभाऊंचं तिरकं अक्षर. खाली अलकाताईंची सही, जपून काढलेली, शाळकरी.

“चहा दे,” त्या म्हणाल्या. प्यायल्या नाहीत.

गुरुवारी सुट्टीच्या दिवशी त्यांनी मला घरी बोलावलं. म्हणाल्या, “तू नुसती बस.” मी बसले. शेखरभाऊ होते, अवनी होती, आणि मुस्तफाभाई एक कागद घेऊन आले होते. कंपनीच्या वकिलाने तयार केलेलं निवेदन. आजार मी नवऱ्यापासून लपवला, असं अलकाताईंनी सही करून द्यायचं. दिलं, तर फक्त त्यांचं नाव विम्यातून निघणार. नाही दिलं, तर खोटा फॉर्म शेखरभाऊंनी भरला असं ठरणार आणि त्यांची नोकरी जाणार. नकाराच्या पत्रापासून साठ दिवसांची मुदत होती. त्यातले सदतीस गेले होते.

“सहा वेळा,” अलकाताई म्हणाल्या. “एकदा तरी हात थांबायचा.”

“अगं, सगळेच तसं लिहितात,” शेखरभाऊ म्हणाले. “मला वाटलं, तुझा व्हिसा अडेल.”

“ते समजलं मला. भीती होती. मी चार वर्षं लोकांना तेच समजावत फिरले, तेव्हा तुम्ही ह्याच खुर्चीवर बसून ऐकत होता. तेव्हा का नाही बोललात? तेव्हा फॉर्म बदलता आला असता.”

“तू एवढ्या कौतुकाने सांगायचीस सगळ्यांना. कसं बोलणार?”

“आणि हे दुसरं? हे पत्र?”

शेखरभाऊंनी चष्मा पुसला. “अवनीचं दहावीचं वर्ष आहे. नोकरी गेली की व्हिसा देणारा कफील महिन्यात घरी पाठवेल. तुझं ऑपरेशन तसंही इंडियातच करावं लागणार. मग एका कागदाने काय फरक पडतो?”

“माझ्या वडिलांनी पोह्यांच्या बशीशेजारी माझी डॉक्टरची फाईल ठेवली होती. तुमच्या आईसमोर. तुम्ही ती उघडून वाचलीत. म्हणालात, आम्हाला चालतं.”

“हो.”

“दर एकवीस दिवसांनी स्कूटरवरून इंजेक्शनला कोण न्यायचं मला?”

“मीच. मी कुठे नाही म्हणतोय?” ते अगदी समजुतीच्या स्वरात म्हणाले. “पण ते आपल्याला माहीत आहे ना. अमेरिकेत बसलेल्या माणसाला काय कळणार आहे?”

मला तेव्हा पहिल्यांदा त्यांची भीती वाटली. ते ओरडले असते तर वाटली नसती.

मुस्तफाभाई चुळबुळले. “वहिनी, माझंबी आयका जरा. एक सही. मंग सगळी भानगड खलास.”

“मुस्तफाभाई, रईसाच्या फॉर्मवर काय लिहिलंय?”

ते कपात बघायला लागले.

“बोला की.”

“साखर लिवलीय,” ते म्हणाले. “तुमीच लिवायला लावलीत.”

मग अवनी म्हणाली, “मम्मा, साइन कर दो ना. इट्स जस्ट अ पेपर.”

अलकाताईंनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. एखादा ओळखीचा माणूस गर्दीत ओळख न दाखवता पुढे गेला तर आपण बघतो, तसं.

सही त्यांनी केली नाही. तीन दिवसांनी माझ्याकडे आल्या आणि कोरा कागद मागितला. स्वतःचं निवेदन लिहायचं होतं. खरं काय झालं ते. “त्यांनी नाही विचारलं तरी मी सांगणार. यांच्या पत्रात माझ्या मेलेल्या बापाला लबाड ठरवलंय.” मी म्हटलं, मी सांगते, तुम्ही लिहा. त्या म्हणाल्या, नको, चुकीचं इंग्रजी असू दे, माझं असू दे.

त्या लिहीत होत्या. मी एकदा म्हटलं, “पण हे पाठवलं तर शेखरभाऊंची नोकरी जाईल, ताई.” मी हे का म्हटलं, मला माहीत नाही. मी त्यांच्या बाजूची होते.

त्यांनी मान वर केली. “तूसुद्धा?” असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. “जाईलच,” एवढंच म्हणाल्या. मग थोडं आणखी लिहिलं आणि पेन ठेवलं. ओठ निळसर दिसत होते. उरलेलं उद्या, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी शेखरभाऊंनी अलकाताईंचा सौदीबाहेर जायचा व्हिसा आणला. एरवी या कागदाला पंधरा दिवस जातात. हा दोन दिवसांत झाला होता. त्याच रात्रीचं तिकीटही काढलेलं होतं. कराडहून त्यांचा भाऊ मुंबईला घ्यायला येणार होता. ज्यांचे फॉर्म त्यांनी दुरुस्त केले त्या घरांतून निरोप द्यायला कुणी आलं नाही. विम्याची माणसं आता सगळ्यांच्या फायली उघडणार, अशी बातमी पसरली होती. अलकाताईंशी बोलताना दिसायला नको, असं बायकांना वाटत होतं. एकीने मला फोनवर विचारलं, “त्यांच्याकडे आमच्या फॉर्मची झेरॉक्स नाही ना राहिलेली?”

मी खाली टॅक्सीपाशी गेले. अलकाताईंनी बंगाली भाजीवाल्याला मराठीत काहीतरी सांगितलं. तो त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला आणि त्याने डोळे पुसले. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. माझ्याशी त्या विशेष बोलल्या नाहीत. तब्येत सांभाळ, म्हणाल्या.

मिरजेला पुढच्या महिन्यात त्यांचं ऑपरेशन आहे. भावाने तारीख कळवली. मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा त्या झोपल्या होत्या, असं त्यांच्या वहिनी म्हणाल्या.

साठ दिवस या शनिवारी संपतात. शेखरभाऊ सुमीतला रोज विचारतात, अलकाने तुमच्याकडे काही लिहून ठेवलंय का. सुमीत मला विचारतो. मी नाही म्हणते. तो अर्धा राहिलेला कागद माझ्या ओट्याच्या खणात आहे, पाठवलेला नाही. अक्षर मोठं, ओळी जराशा खाली उतरत गेलेल्या. इंग्रजीत आहे. मराठीत सांगायचं तर असं आहे:

मी, अलका चंद्रशेखर, असे लिहून देते की माझा आजार माझ्या वडिलांनी लग्नाआधी सर्वांसमोर सांगितला होता, त्या वेळी माझे पती तिथे बसले होते, त्यांनी फाईल हातात घेतली आणि ती वाचून झाल्यावर माझ्याकडे बघून ते