कोंबडीचं वजन

किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. आपण अधूनमधून टाकी धुवायची, एवढंच. माझ्या टाकीतला बराचसा गाळ लातूरच्या एका क्लासमधला आहे. तिथं मी आठ महिने काढले आणि तिथूनच न्यूझीलंडला शिकायला गेले. काय शिकायला, तर लहान मुलांना कसं शिकवायचं ते. बालवाडीपासून प्राथमिकपर्यंत, अशी ती पदवी.

यावर पहिल्यांदा हसले ते तात्या, म्हणजे माझे चुलते. आमचं गाव मुखेडजवळ. माझी आई तिथल्या अंगणवाडीत बावीस वर्षांपासून सेविका आहे. गावात तिला शिक्षिका कुणी म्हणत नाही, 'खिचडीवाल्या बाई' म्हणतात.

तात्या म्हणाले, "अंगणवाडी शिकायला इमानानं चालली व्हय? तुझी आई तर रोज पायी जाऊन करून राहिली."

आई पोषण आहाराची डाळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

०००

लातुरात डॉक्टर आणि इंजिनिअर घडतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या सरांचाही तसाच क्लास होता, आणि त्याच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर त्यांनी न्यूझीलंडच्या याच पदवीसाठी 'परदेश विभाग' काढला होता. माणूस मेहनती. फक्त त्यांची एका गोष्टीवर श्रद्धा होती, ती म्हणजे जगात पाठ करता येत नाही असं काहीच नाही.

पहिल्याच दिवशी हातात स्पायरल बाइंडिंग केलेला 'अपेक्षित प्रश्नसंच' पडला. प्रश्न सातवा: मूल रडत असल्यास काय कराल? उत्तर सहा मुद्द्यांत.

मी विचारलं, "सर, मूल चौथ्या मुद्द्यालाच गप्प झालं तर?"

"सहाही मुद्दे पूर्ण करायचे," सर म्हणाले. "अर्धवट उत्तराला मार्क नसतात."

०००

मग प्रात्यक्षिक आलं. क्लासमध्ये मुलं कुठून आणणार? म्हणून गजाननला तीन वर्षांचं मूल केलं. गजानन आमच्याच बॅचचा, उमरीचा, कबड्डीतला, मिशा पिळदार. क्लासचा कॉम्प्युटरही तोच सांभाळायचा. त्यानं सतरंजीवर बसून रडायचं आणि मी प्रश्न सातवा म्हणायचा, असं ठरलं.

"मला आई पायजे," गजानन म्हणाला.

"भावना नाही," सर म्हणाले. "परत."

दुसऱ्यांदाही भावना आली नाही. तिसऱ्या वेळी मात्र गजानन "मला आई पायजे" म्हणाला आणि खरंच हुंदके देऊन रडायला लागला. चार महिने झाले होते त्याला घरी जाऊन. मी सहाही मुद्दे विसरले आणि नुसतं पाणी दिलं.

सर खूश झाले. "बघा, हे असं पाहिजे. सगळ्यांनी लिहून घ्या."

०००

परदेशी कॉलेजला एक पत्र द्यावं लागतं, मला हेच का शिकायचंय ते सांगणारं. मी रात्र न् दिवस खपून आईबद्दल लिहिलं. सरांनी लाल पेनानं ते उभं कापलं.

"अंगणवाडी लिहू नको. इम्प्रेशन जातं. आई गृहिणी, असं टाक. आणि आजी शिक्षिका होती, कडुनिंबाखाली मुलांना गोष्टी सांगायची, असं कर. वजन येतं."

माझी आजी ऊस तोडायला जायची आणि कागदावर अंगठा उमटवायची. कडुनिंब आमच्याकडे होता, पण त्याला बकरी बांधलेली असायची. तरी मी सही करून टाकली. त्या सहीची लाज मला अजून वाटते.

महिन्याभरानं कॉलेजचा मेल आला. आमच्या क्लासमधून नऊ अर्ज गेले होते. नऊही आज्या शिक्षिका होत्या आणि नऊही जणी एकाच कडुनिंबाखाली बसल्या होत्या. गोरी माणसं फार सभ्य असतात. त्यांनी लिहिलं होतं, 'आपल्या भागातील आजींच्या कार्याबद्दल वाचून आम्ही प्रभावित झालो.' पुढची ओळ अशी होती की सर्व अर्ज थांबवले आहेत. प्रत्येकानं पाच वर्षांखालच्या मुलांसोबतचा दहा मिनिटांचा व्हिडिओ पाठवावा, मध्ये कुठंही कापाकापी न करता. तीन आठवड्यांत आला नाही किंवा पटला नाही, तर अर्ज बंद.

तात्यांनी तोवर अर्ध्या गावाला सांगून ठेवलं होतं की ही पोरगी चार दिवसांत परत येऊन खिचडी हलवणार. हा अर्ज बंद झाला असता तर त्यांचं म्हणणं खरं ठरलं असतं, आणि ते मला नव्हे, आईला ऐकून घ्यावं लागलं असतं.

०००

"व्हिडिओलाही पॅटर्न असतो," सर म्हणाले, आणि मला नांदेडला ओळखीच्या एका नर्सरीत घेऊन गेले. अठरा मुलं, अठरा टाय. हाताची घडी, तोंडावर बोट. सर मोबाइल धरून उभे राहिले. मी प्रत्येकापुढं रंगीत क्लेचा एकेक गोळा ठेवला आणि पाठ केलेलं वाक्य टाकलं, "तुम्हाला जे वाटेल ते बनवा."

कुणीही हललं नाही. मग पहिल्या बाकावरच्या मुलीनं बोट वर केलं.

"टीचर, हे कच्च्या वहीत करायचं का पक्क्या?"

शेवटी मागून त्यांच्या बाईंनी डोळे वटारले. मग अठराही मुलांनी मिळून अठरा 'ए फॉर ॲपल' बनवले, सगळे एकाच मापाचे. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "एक नंबर शिस्त," ते म्हणाले. "हाच पाठवू."

मी मनात म्हटलं, ज्यांनी नऊ आज्या पकडल्या ते अठरा सफरचंदं सोडतील होय?

०००

त्या शनिवारी मी कुणाला न सांगता गावी गेले. आईला म्हटलं, अंगणवाडीतली खेळणी काढ, मला व्हिडिओ करायचाय. खेळणी होती, भरपूर होती. लोखंडी कपाटात, कुलूप लावून, वरच्या प्लॅस्टिकसकट.

"ती न्हाई काढायची," आई म्हणाली. "मोडली तर जाब मी द्यायचा. साहेब आले की दाखवायची असत्यात."

एकीकडं प्रश्नसंच, दुसरीकडं कुलूप! मी चिडून खिडकीत मोबाइल टेकवून ठेवला आणि म्हटलं, आता होईल ते होईल.

त्या दिवशी मुलांचं वजन घ्यायचं होतं. आढ्याच्या कडीला काटा टांगलेला, खाली कापडी झोळी. आई खाली रजिस्टर घेऊन बसलेली. मुलांचं झालं आणि शिफा नावाची चार वर्षांची पोरगी अंगणातून एक कोंबडी काखेत मारून आली. मी काही म्हणायच्या आत तिनं कोंबडी झोळीत घातली.

आईनं वरही पाहिलं नाही. बावीस वर्षांची सवय.

"नाव?"

"कोंबडी," शिफा म्हणाली.

"आईचं नाव?"

शिफानं विचार केला. "ती बी कोंबडीच हाय."

"आई काय करते?"

"अंडी देती."

आईनं तेही लिहिलं. मग काट्याकडं पाहून म्हणाली, "एक किलो चारशे. लई कमी हाय. जादा आहार सुरू करावा लागंल." तेव्हा कुठं तिला झोळीतून चोच दिसली. तिनं पेन ठेवलं, शिफाकडं पाहिलं आणि न हसता विचारलं, "काय देऊ मग हिला?"

त्यानंतरची सात मिनिटं माझ्या हातात नव्हती. मुलांनी कोंबडीला आहार ठरवला, तिच्यासाठी डाळ मोजली, कोण किती देणार यावरून भांडण केलं आणि ते मिटवलंही. मग दगड, चप्पल, पळी, सगळं काट्यावर चढलं. जड कोण आणि हलकं कोण, यावर पैजा लागल्या. मी एका कोपऱ्यात बसून फक्त कोंबडी पळू नये एवढं बघत होते.

०००

सरांनी तो व्हिडिओ पाहिला आणि खुर्चीवर बसले.

"हे पाठवायचं? परदेशात? कोंबडी? लातूरचं नाव काय राहील?" त्यांनी गजाननला बजावलं, "नांदेडचा टाक."

सर जेवायला गेले. गजाननचं बोट बटणावर होतं.

"कोणता टाकू?" त्यानं विचारलं.

"कोंबडी."

"हाव," गजानन म्हणाला आणि बटण दाबलं.

दहा दिवसांनी ऑनलाइन मुलाखत ठरली. मी ती गावी, आमच्या पुढच्या खोलीत बसून दिली. चाळीस उत्तरं पाठ होती. पडद्यावर दोन बाया. पहिलाच प्रश्न प्रश्नसंचात नव्हता.

"मागे बसून लिहिणाऱ्या त्या शिक्षिका कोण?"

शिक्षिका. बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, आणि तेही समुद्रापलीकडून.

"माझी आई," मी म्हणाले.

एकीनं कागद चाळले. "अर्जात तुमची आई गृहिणी आहे."

म्हटलं, आता सगळंच गेलं, तर निदान खरं बोलून जाऊ दे. "ते खोटं आहे," मी म्हणाले. "आजीही खोटी आहे. कोंबडी खरी आहे."

दोघी बराच वेळ लिहीत होत्या. मग म्हणाल्या, तुमच्या आई आमच्या विद्यार्थ्यांशी ऑनलाइन बोलतील का? आई आतल्या खोलीत होती. मी ओरडून विचारलं.

"त्यास्नी सांग, म्हैनाअखेरचा अहवाल बाकी हाय," आतून उत्तर आलं. "येळ न्हाई."

प्रवेश मिळाला. तात्यांनी गावातून ट्रॅक्टरवर मिरवत नेलं मला.

०००

वर्षभरानं सुट्टीला आले, तर क्लासमध्ये माझा सत्कार. सोबत आईलाही बोलावलं होतं. तिसऱ्या मजल्यावर पोचलो आणि मी दारातच थांबले. पंख्याच्या हुकाला वजनकाटा, खाली झोळी. बेचाळीस पोरं वह्या उघडून बसलेली. गजाननचाही यंदा प्रवेश झाला होता, पुढच्या महिन्यात तो निघणार होता, पण आज मिशा पिळून कोंबडी धरून उभा होता. नव्या अपेक्षित प्रश्नसंचात प्रश्न पहिला: कोंबडीचे वजन कसे कराल?

शाल झाली, नारळ झाला. आईनं सरांना जय भीम केला, सरांनी गडबडीत दोनदा हात जोडले. मग माइक घेऊन म्हणाले, "बाई, आमच्या मुलांना प्रात्यक्षिक दाखवा. सगळ्यांनी लिहून घ्या."

आईनं कोंबडीकडं पाहिलं. मग सरांकडं पाहिलं. पिशवीतून तिनं रजिस्टर काढलं आणि कुपोषण ओळखायला मुलांच्या दंडाचा घेर मोजतात ती पट्टी काढली.

"कोंबडी ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "सर, तुम्ही या. काट्यावर तुमचं वजन बसायचं न्हाई, दंड मोजते."

पोरं हसली. सरही हसले, बाही वर सारून खुर्चीवर बसले. आईनं पट्टी गुंडाळली आणि पेन उघडलं.

"नाव?"

सरांनी सांगितलं. बेचाळीस पेनं चालली.

"आईचं नाव?"

सरांनी तेही सांगितलं. बेचाळीस पेनं चालली.

"आई काय करते?"

सर लगेच म्हणाले, "गृहिणी." आईनं लिहिलं नाही. पेन तसंच धरून, अंगणवाडीत लेकराकडं पाहते तसं ती पाहत राहिली. तिला घाई नव्हती. काट्याची झोळी हलत होती.

"धुणंभांडी करायची," सर म्हणाले. "लोकांच्या घरी. आमच्या शाळेसाठी."

"मग त्येच लिहिते," आई म्हणाली, आणि लिहिलं.