अण्णांचा अडकित्ता

काल मच्छे गावात एका साखरपुड्याला शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्यानं अडकित्त्यानं सुपारी फोडली. टक्! माझा उजवा पाय आपोआप जमिनीवर ब्रेक शोधायला लागला.

उद्यमबागेतल्या आमच्या वर्कशॉपचा रिवाज होता. ज्यानं गिअर जोडला, त्यानंच गाडी पहिल्यांदा चढावर न्यायची. निपाणीचे अण्णा आमचं जुनं गिऱ्हाईक; त्यांच्या जीपला ट्रान्सफर केसचा, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना वाटणाऱ्या पेटीचा, गिअर मिळत नव्हता, म्हणून दोन गिअर कापून, वेल्डिंग करून मी एक बनवला होता. तो जोड सुटला असता तर जीप मागं घसरत सरळ चढाखालच्या दगडाच्या खाणीत गेली असती.

"अण्णा, तुमी उतरा की," मी म्हटलं.

"तू बसलाईस न्हवं? मग मी बी बसतो," मागच्या सीटवरून अण्णा म्हणाले.

अर्ध्या चढावर टक् झालं. जोड गेला! घामानं स्टिअरिंग हातातून निसटायला लागलं. पुन्हा टक्. तरी गाडी चढतच राहिली. वर पोचल्यावर मागं वळलो, तर अण्णा खाली मान घालून सुपारी कातरत होते. या माणसाला भीती कशी ती ठाऊकच नाही, असं तेव्हा वाटलं.

काल मात्र त्यांचं धोतर आठवलं. मांडीवर सुपारीच्या खांडांचा ढीग साचला होता, आणि त्यातलं एकही त्यांनी तोंडात टाकलं नव्हतं.