डोमाजी फौजदाराचे रस्ते

डोमाजीला फौजदार हे नाव आमच्या वस्तीनं दिलं होतं आणि चिडवायला दिलेलं ते नाव त्याला मनापासून आवडायचं. एरवी तो घाटंजीच्या जिनात कापूस वाहायचा आणि हंगाम सरला की मिळेल त्या वावरात मजुरीला जायचा. पोलीस चौकीची पायरी तो जन्मात एकदाच चढला होता, रुखमाबाईचा भीमराज हरवल्याची खबर द्यायला. तिथल्या शिपायानं तरणं पोरगं आहे, भटकून येईल म्हणून वाटेला लावलं. डोमाजीला त्याचा इतका राग आला की तपास त्यानं स्वतःच हाती घेतला.

भीमराज हा विधवा रुखमाबाईचा एकुलता एक. अंगानं काटक, डोक्यानं तापट. छप्पन साली वस्तीनं दीक्षा घेतली आणि घरोघरचे देव नदीत सोडले, तेव्हा टोपलं डोक्यावर घेऊन सर्वांत पुढं तोच होता. त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, बाजाराच्या दिवशी सकाळी तो घरातून निघाला आणि परत आलाच नाही. भाकर खाऊन बाजाराला गेला, एवढंच रुखमाबाई सांगायची.

डोमाजीचा सगळा तपास त्या बाजारापासून सुरू व्हायचा. संध्याकाळी तो अंगणात उकिडवा बसे आणि काडीनं मातीत रस्ते काढी. हा घाटंजीचा बाजार, हा पांढरकवड्याचा रस्ता, इथून ट्रक हैद्राबादकडं जातात. तांड्यावरचा खेमसिंग बैल विकायला गावोगाव फिरायचा. त्यानं पांढरकवड्याला ट्रकवर एक पोरगा बसलेला पाहिला होता, तर तो भीमराजच. पुढच्या बाजारी कोणी काही वेगळं सांगितलं की सगळे रस्ते पुसून नवे यायचे. आता भीमराज बल्लारशाच्या कोळशाच्या खाणीत. मग एखाद्या ठेकेदाराबरोबर पुलाच्या कामावर. बायको कांताबाई सकाळी झाडू मारताना हैद्राबादसकट सगळं उकिरड्यावर टाकायची आणि म्हणायची, घरातलं पीठ संपलं त्याचा तपास कोण करणार?

आम्ही हसायचो. पण एक गोष्ट खरी होती. डोमाजीच्या कुठल्याही तर्कात भीमराज मेलेला नसायचा. नवा तर्क तो आधी रुखमाबाईच्या दारात नेऊन सांगायचा. ती ऐकून घ्यायची, मान हलवायची, पण तिची नजर घरामागच्या जुन्या विहिरीकडं असायची. ती विहीर कुणी वापरत नव्हतं. पाणी खारं, काठावर घाणेरीचं रान. वर्षभरात ही बाई वाळून काडी झाली होती आणि झोप तर तिला कधीचीच सोडून गेली होती.

अशातच एक दिवस ती डोमाजीकडं आली. वस्तीतली चार माणसं तिथं बिड्या ओढत बसलेली होती, तरी सर्वांदेखत बोलली.

"डोमाभाऊ, मले माही मरीआई पायजे. विहिरीतून काढून दे."

कुणाला काही समजेना. मग तिनं खालच्या मानेनं सांगितलं. सगळ्यांचे देव नदीत गेले तेव्हा तिनं मरीआई कणगीमागं लपवून ठेवली होती. पाट्याएवढा दगड, पोत्यात गुंडाळून सुतळीनं बांधलेला. त्या बाजाराच्या सकाळी तो भीमराजला सापडला. मायलेकांचं कडाक्याचं भांडण झालं आणि तो दगड उचलून विहिरीकडं गेला.

वस्ती भडकली. म्हातारे रामराव म्हणाले की पोरगं गेलं म्हणून बाई पुन्हा देवाकडं वळली, आज ही वळली तर उद्या चार घरं वळतील. जो तो तावातावानं बोलत होता. डोमाजी मात्र मनातले रस्ते पुन्हा तपासत होता. भाकर, बाजार, ट्रक, खाण असा एवढा मोठा तपास त्यानं उभा केला होता आणि त्याची सुरुवातच चुकली होती. भीमराज बाजाराला गेला हे कुणी पाहिलंच नव्हतं. तो विहिरीकडं गेला होता, हातात जड ओझं घेऊन, डोक्यात राग घालून. माणूस पडला असता तर प्रेत वर आलं असतं, हे डोमाजीला कळत होतं. पण त्या रानात वाकून पाहायला गेलं होतं कोण?

तरी त्यानं बादल्या काढायचा लोखंडी गळ आणला. रामराव रागानं आणि बाकीचे तमाशा पाहायला म्हणून सगळेच मागं गेले. डोमाजीनं घाणेरी तोडली आणि दोर सोडला. गळ दगडांवर आपटत खाली गेला. बऱ्याच वेळानं काहीतरी जड अडकलं. डोमाजीनं डोळे मिटून दोर ओढला.

वर आलं ते पोतं होतं. सुतळी तशीच घट्ट, आत दगड. डोमाजीनं ते काठावर ठेवलं. आता बाई देवीला छातीशी धरणार म्हणून रामराव पुढं सरसावले. पण रुखमाबाईनं पोत्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"अजून फिरव," ती म्हणाली.

तेव्हा कुठं सगळ्यांना कळलं. मरीआई नकोच होती तिला. विहीर तपासायची होती, आणि कशासाठी ते तोंडानं म्हणवत नव्हतं. रामरावांनी स्वतः दोराला हात लावला. ऊन उतरेपर्यंत गळ चारी बाजूंनी फिरला, तळाला घासला. एक फुटकी बादली आली, मुळ्या आल्या, चिखल आला. आणखी काही आलं नाही.

"आता तो दगड टाक परत," रुखमाबाई म्हणाली.

डोमाजीनं पोतं उचलून सोडलं. धपकन मोठा आवाज झाला. ती काठाशी कान लावून उभी होती, तिथंच खाली बसली आणि वर्षभरात पहिल्यांदा मोकळेपणी रडली.

"असाच आवाज आलता त्या दिवशी. मी घरातच होती, रागानं उठलीबी नाही. मले वाटे, पोरगाच पडला का काय."

कांताबाईनं तिला उठवून आपल्या अंगणात आणलं, पाणी दिलं. कालचे रस्ते सकाळीच झाडून साफ झालेले होते. डोमाजीनं सवयीनं काडी घेतली आणि घाटंजीच्या बाजारासाठी एक खूण केली. रुखमाबाईनं ती तळहातानं पुसून टाकली.

"बाजारापासून नको, भाऊ," ती म्हणाली. "विहिरीपासून काढ. तिथून तो पायी गेला हाये."